शालेय शिक्षणातील व्यापकता आणि विशेषीकरण : महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शालेय शिक्षणाने विद्यार्थ्याला सर्व प्रमुख ज्ञानशाखांची ओळख करून द्यावी, की त्याचा कल पाहून एखाद्या शाखेत त्याला लवकर प्रावीण्य मिळवून द्यावे, हा शिक्षणशास्त्रातील जुना प्रश्न आहे. पहिल्या मार्गाने विद्यार्थी बहुश्रुत होतो, परंतु त्याचे ज्ञान वरवरचे राहण्याचा धोका असतो. दुसऱ्या मार्गाने ज्ञानाला खोली येते, परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने घेतलेला, किंवा त्याच्यासाठी इतरांनी घेतलेला निर्णय आयुष्यभर त्याच्या गळ्यात पडतो. भारतात या प्रश्नाला आणखी एक सामाजिक बाजू आहे. कोणत्या विद्यार्थ्याला कोणता अभ्यासक्रम मिळतो, यावर त्याला पुढे कोणते दरवाजे उघडे राहतात हे ठरते. त्यामुळे व्यापकता व विशेषीकरण यांतील समतोलाचा प्रश्न हा केवळ अध्यापनपद्धतीचा नसून शैक्षणिक संधीच्या समानतेचाही प्रश्न आहे.

१८८२ चा हंटर आयोग ते २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या काळात जवळजवळ प्रत्येक आयोगाने या प्रश्नाला हात घातला. महाराष्ट्राचे या इतिहासातील स्थान महत्त्वाचे आहे. मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, महात्मा फुले यांचे हंटर आयोगापुढील निवेदन, वर्ध्याची शिक्षण परिषद आणि दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध राबवताना उभी राहिलेली कनिष्ठ महाविद्यालये, ही सर्व याच प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासाची अंगे आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या इतिहासाचा चिकित्सक आढावा घेण्यात आला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. शालेय शिक्षणातील व्यापकता व विशेषीकरण यांविषयी विविध आयोगांनी घेतलेल्या भूमिकांचा आढावा घेणे.
२. या भूमिकांची महाराष्ट्रात प्रत्यक्ष अंमलबजावणी कशी झाली, याचा शोध घेणे.
३. शिफारशी आणि अंमलबजावणी यांत पडलेल्या अंतराची कारणे स्पष्ट करणे.

गृहीतक :

शालेय शिक्षणातील समतोल हा अभ्यासक्रमाच्या आराखड्यापेक्षा परीक्षा, पुढील प्रवेशाच्या अटी आणि संस्थांची रचना या तीन घटकांनी अधिक प्रमाणात निश्चित केला आहे.

अभ्यास पद्धती व व्याप्ती :

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून आयोगांचे अहवाल, राष्ट्रीय धोरणे व अभ्यासक्रम आराखडे यांतील भूमिका विचारात घेतल्या आहेत. अभ्यासाचा भर माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर आहे.

१. प्रवेश परीक्षेचे वर्चस्व आणि महात्मा फुले यांची टीका :

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, १८५९ मध्ये झाली. ही परीक्षा विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी होती, शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. तथापि सरकारी नोकरीसाठीही तिचाच आधार घेतला जाऊ लागल्याने ती माध्यमिक शाळेचे अंतिम उद्दिष्ट बनली. विद्यापीठाला जे विषय हवे होते ते शाळेत शिकवले गेले आणि जे नको होते ते मागे पडले. अशा रीतीने एका लहान गटाच्या उच्च शिक्षणाची पूर्वतयारी हाच सर्वांचा अभ्यासक्रम झाला. यात वरकरणी अनेक विषय असले तरी त्यांचा हेतू एकच होता. म्हणून तिला खऱ्या अर्थाने व्यापक शिक्षण म्हणता येत नाही.

या विसंगतीवर महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके बोट ठेवले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी हायस्कुलांतील शिक्षण व्यवहारोपयोगी नसल्याचे, ते कारकून व शिक्षक घडवण्यापुरतेच उपयोगाचे असल्याचे आणि मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक व विद्यार्थी या दोघांचेही लक्ष व्यापून टाकल्याचे प्रतिपादन केले. प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रमही लक्षणीय आहे. त्यात मोडी व बालबोध लिपीतील वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे प्राथमिक ज्ञान, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य व नीती यांचा समावेश होता. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे ज्ञान द्यावे, परंतु इतिहास-भूगोलापासून त्याला वंचित ठेवू नये, अशी ही मांडणी होती. व्यवहारोपयोगी शिक्षण व सर्वसामान्य शिक्षण यांना परस्परविरोधी न मानता ते एकाच विद्यार्थ्यासाठी आवश्यक मानणारा हा विचार पुढील अनेक आयोगांच्या तुलनेत अधिक समतोल होता असे म्हणावे लागते.

२. हंटर आयोग : दोन प्रवाहांची कल्पना :

हंटर आयोगाने या प्रश्नावर दिलेले उत्तर वेगळे होते. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन विभाग करावेत, एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारा व दुसरा व्यापार आणि इतर व्यवसायांसाठी तयार करणारा, अशी शिफारस आयोगाने केली. म्हणजे फुले यांनी ज्या दोन गोष्टी एकाच विद्यार्थ्यासाठी मागितल्या होत्या, त्या आयोगाने दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांमध्ये वाटून दिल्या.

व्यवसायाभिमुख विभागाला देशात फारसा प्रतिसाद मिळाला नाही. याचे कारण पालकांचा शारीरिक श्रमांविषयीचा तिटकारा असे सांगितले जाते. ते अंशतः खरे असले तरी पुरेसे नाही. मॅट्रिक उत्तीर्ण होणाऱ्याला महाविद्यालय व सरकारी नोकरी असे दोन्ही मार्ग खुले होते. दुसऱ्या विभागातील विद्यार्थ्याला मात्र औद्योगिकदृष्ट्या अविकसित अर्थव्यवस्थेत रोजगाराची हमी नव्हती आणि महाविद्यालयाचा मार्गही बंद होत होता. अशा स्थितीत पालकांनी केलेली निवड अविचारी नव्हती. हाच अनुभव पुढे जवळजवळ प्रत्येक पिढीत पुन्हा आला.

३. पर्यायी प्रयोग : राष्ट्रीय शिक्षण ते वर्धा योजना :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी चौकटीबाहेर काही प्रयोग झाले. वि. गो. विजापूरकर यांच्या तळेगाव येथील समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाच्या विचारातून पुस्तकी विद्येच्या जोडीला उद्योगशिक्षणालाही स्थान होते. सरकारी रोषामुळे हा प्रयोग अल्पकाळातच थांबला. १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून शिक्षण देण्याचे धोरण स्वीकारले आणि गृहशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात महत्त्वाचे स्थान दिले. त्या काळात स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाचा मार्ग मोकळा करणारे हे पाऊल क्रांतिकारक होते, यात शंका नाही. त्याच वेळी लिंगाधारित विशेषीकरणाचा प्रश्नही त्यातून पुढे आला. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम ही सोय ठरते की मर्यादा, हा वाद स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. १९६० च्या दशकाच्या आरंभी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमात लिंगभेदावर आधारित फरक करू नये अशी भूमिका घेतली व कोठारी आयोगाने तिला दुजोरा दिला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून व डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून मूलोद्योगी शिक्षणाची योजना आकाराला आली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखादा हस्तव्यवसाय केंद्रस्थानी ठेवून इतर विषयांचा त्याच्याशी समवाय साधणे, ही तिची प्रमुख तत्त्वे होती. समतोलाच्या दृष्टीने ही कल्पना मूलगामी होती. सूतकताई किंवा शेती यांसारख्या एका व्यवसायाच्या सखोल अनुभवातून गणित, समाजशास्त्र व विज्ञान यांच्याकडे जाण्याचा मार्ग तिने सुचवला. येथे खोली हीच व्यापकतेचे साधन होते. परंतु समवाय साधण्यासाठी अत्यंत कुशल शिक्षकाची गरज होती आणि माध्यमिक शाळा पूर्वीप्रमाणेच परीक्षाकेंद्रित राहिल्याने मूलोद्योगी शाळेतील मुलाला पुढे कोठे जावे हा प्रश्न सुटला नाही. परिणामी ही योजना ग्रामीण व गरीब मुलांसाठीचे शिक्षण अशा रूपात ओळखली जाऊ लागली.

४. मुदलियार आयोग व बहुउद्देशीय शाळा :

स्वातंत्र्यानंतर डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शिक्षण एकमार्गी असल्याचे निदान केले. त्यावर उपाय म्हणून भाषा, सामाजिक शास्त्रे, सामान्य विज्ञान व एक हस्तव्यवसाय हा सर्वांसाठी समान गाभा आणि त्याच्या जोडीला सात गटांतून निवड, अशी रचना आयोगाने सुचवली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहशास्त्र हे ते सात गट होत. हे गट एकाच छताखाली उपलब्ध करून देणारी बहुउद्देशीय शाळा हे आयोगाचे महत्त्वाचे योगदान मानले जाते. वेगळ्या शाळा न काढता एकाच शाळेत विविध प्रवाह ठेवल्यास त्यांतील उच्चनीचता कमी होईल, अशी त्यामागील अपेक्षा होती.

प्रत्यक्षात ही अपेक्षा पूर्ण झाली नाही. शेती किंवा तांत्रिक गट चालवण्यासाठी लागणारी जमीन, कार्यशाळा व प्रशिक्षित शिक्षक बहुतेक शाळांकडे नव्हते. शिक्षकांची उणीव भरून काढण्यासाठी अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये सुरू झाली ती १९६० च्या दशकात, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतर बऱ्याच काळाने. अनेक शाळांनी विज्ञान व मानव्यविद्या या दोन गटांवरच समाधान मानले. शिवाय सुमारे चौदाव्या वर्षी गट निवडण्यासाठी आवश्यक असलेली मार्गदर्शनाची यंत्रणा अस्तित्वात नव्हती. त्यामुळे विद्यार्थ्याचा गट त्याच्या कलापेक्षा त्याच्या गुणांवर व गावातील शाळेत काय उपलब्ध आहे यावर ठरू लागला.

मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्यानुसार शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे आली आणि १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. परीक्षा विद्यापीठाच्या हातून निघाल्याने शालेय शिक्षणाला स्वतःचे उद्दिष्ट ठरवण्याची संधी मिळाली. राज्याने मुदलियार आयोगाचा आकृतिबंध जसाच्या तसा न स्वीकारता अकरा वर्षांची शाळा व चार वर्षांचे महाविद्यालय ही रचना कायम ठेवली. तांत्रिक विषय घेऊन शालान्त परीक्षा देण्याची सोय झाली व तांत्रिक विद्यालयांचे जाळे उभे राहू लागले. तथापि बहुसंख्य शाळांचे लक्ष महाविद्यालयीन प्रवेशाकडेच राहिले.

५. कोठारी आयोग : दहा वर्षांचे समान शिक्षण :

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) या प्रश्नाचा सर्वाधिक सखोल विचार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील होते आणि ग्रामीण शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव त्यांच्या गाठीशी होता. आयोगात इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जपान व सोव्हिएत रशिया येथील तज्ज्ञांचाही समावेश होता. लवकर विशेषीकरण करणारी इंग्लंडची पद्धती व दीर्घकाळ सर्वसामान्य शिक्षण देणाऱ्या इतर देशांच्या पद्धती यांची तुलना करणे त्यामुळे शक्य झाले.

नववीपासून विद्यार्थ्यांना गटांत विभागणे समाधानकारक ठरले नाही, असा निष्कर्ष काढून आयोगाने विशेषीकरण दहावीनंतरच सुरू व्हावे असे सुचवले. पहिली दहा वर्षे सर्वांना समान अभ्यासक्रम, त्यात गणित व विज्ञान अनिवार्य आणि कार्यानुभव व समाजसेवा यांना स्थान, ही आयोगाची मांडणी होती. गणित व विज्ञान मुलींसह सर्वांना अनिवार्य करण्याची शिफारस त्या काळात धाडसी होती. तिचा परिणाम दूरगामी झाला. पुढील काळात विज्ञान व तंत्रज्ञानाच्या क्षेत्रांत मुलींचा जो प्रवेश वाढला, त्याचा एक पाया येथे घातला गेला.

याहून अधिक लक्ष देण्यासारखी बाब म्हणजे अकरावी-बारावीविषयी आयोगाने केलेली शिफारस. या स्तरावर दोन भाषा, तीन वैकल्पिक विषय आणि कार्यानुभव, शारीरिक शिक्षण, कला वा हस्तव्यवसाय व मूल्यशिक्षण, अशी रचना आयोगाने सुचवली. एकूण वेळेपैकी निम्मा वेळ वैकल्पिक विषयांना, एक चतुर्थांश भाषांना व उर्वरित एक चतुर्थांश इतर बाबींना द्यावा, असा त्याचा हिशेब होता. वैकल्पिक विषयांच्या यादीत इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, मानसशास्त्र, कला यांच्याबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र यांचा समावेश होता. ही यादी बंदिस्त शाखांत विभागलेली नव्हती. म्हणजेच उच्च माध्यमिक स्तरावरही खोली आणि व्यापकता यांची सांगड घालण्याचा प्रयत्न आयोगाने केला होता. त्याचप्रमाणे १९८६ पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरील ५० टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, असे उद्दिष्टही आयोगाने ठेवले.

६. महाराष्ट्रातील १९७५ चे स्थित्यंतर :

१९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध मान्य केला. महाराष्ट्रात १९७२ पासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होऊन मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा झाली. पूर्वीची अकरा अधिक चार व नवी दहा अधिक दोन अधिक तीन या दोन्ही पद्धतींत पदवीपर्यंतची एकूण वर्षे पंधराच होती. बदल झाला तो वर्षांच्या वाटणीत.

या वाटणीचा परिणाम समजून घेणे आवश्यक आहे. कोठारी आयोगाच्या दृष्टीने अकरावी व बारावी ही शालेय शिक्षणाची वर्षे होती व विद्यापीठीय संस्थांतील पूर्वतयारीचे वर्ग टप्प्याटप्प्याने शाळांकडे जावेत अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्रात चार वर्षांच्या महाविद्यालयाचे एक वर्ष कमी होणार होते, त्यामुळे प्राध्यापकांच्या कार्यभाराचा प्रश्न उभा राहिला. माध्यमिक शाळांकडे प्रयोगशाळा व पदव्युत्तर अर्हता असलेले शिक्षक पुरेशा प्रमाणात नव्हते. या परिस्थितीत अकरावी-बारावीचे वर्ग काही ठिकाणी शाळांना तर अनेक ठिकाणी महाविद्यालयांना जोडले गेले आणि कनिष्ठ महाविद्यालय ही महाराष्ट्राची वैशिष्ट्यपूर्ण संस्था उदयास आली.

महाविद्यालये कला, वाणिज्य व विज्ञान या विद्याशाखांत विभागलेली होती. त्यांच्या छताखाली आलेल्या अकरावी-बारावीनेही हीच विभागणी उचलली. कोठारी आयोगाची खुली यादी तीन शाखांमध्ये बंदिस्त झाली. मंडळाच्या नियमांनुसार गणित, भूगोल, मानसशास्त्र यांसारखे काही विषय एकाहून अधिक शाखांतील विद्यार्थ्यांना घेता येत असले तरी वेळापत्रक, तुकड्यांची संख्या व शिक्षकांचा कार्यभार यांमुळे अशी निवड अपवादानेच घडली. भौतिकशास्त्राबरोबर इतिहास किंवा जीवशास्त्राबरोबर अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी या व्यवस्थेत बसत नव्हता. थोडक्यात, महाराष्ट्राने आयोगाचा आकृतिबंध स्वीकारला, परंतु त्यातील आशय स्वीकारला नाही.

यामुळे एक विरोधाभास निर्माण झाला. दहावीपर्यंत विशेषीकरणाला पूर्ण मज्जाव आणि दहावीनंतर एका उन्हाळ्यात पूर्ण विशेषीकरण, अशी स्थिती झाली. हळूहळू व्यापकतेकडून खोलीकडे नेणारा उतार आयोगाला अभिप्रेत होता, त्या जागी एक पायरी निर्माण झाली. ही पायरी ओलांडण्याचा निर्णय दहावीच्या गुणांवर होऊ लागला. अधिक गुण मिळाले तर विज्ञान, त्याहून कमी मिळाले तर वाणिज्य व उरलेल्यांसाठी कला, अशी समाजमनात रुजलेली उतरंड हा या रचनेचा परिणाम आहे. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यानंतर विज्ञान शाखेची ओढ अधिक वाढली आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित किंवा जीवशास्त्र हे प्रवेशासाठीचे विषयगट म्हणजेच उच्च माध्यमिक शिक्षण असे समीकरण झाले.

ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विज्ञान शाखेसाठी प्रयोगशाळा लागते, कला शाखेसाठी ती लागत नाही. त्यामुळे अनेक लहान गावांत केवळ कला शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय उपलब्ध असते. तेथील विद्यार्थ्याची, विशेषतः घरापासून दूर पाठवल्या न जाणाऱ्या मुलीची शाखा तिच्या आवडीने नव्हे तर गावाच्या भूगोलाने ठरते.

७. व्यवसाय शिक्षणाचा अनुभव :

आदिशेषय्या समितीने १९७८ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसायीकरणावर भर दिला. महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आणि १९८८ नंतर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. यांतील द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाची कल्पना समतोलाच्या दृष्टीने उल्लेखनीय होती. दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय यांऐवजी दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घेऊन विद्यार्थ्याला उच्च शिक्षणाचा मार्गही खुला ठेवता येत होता. हंटर आयोगापासून चालत आलेला बंद दरवाजाचा दोष येथे टाळला गेला. परंतु अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी या विषयांचा उपयोग बहुधा गुण वाढवण्यासाठी केला. शिवाय व्यवसाय विषयासाठी भाषेचा बळी दिला गेल्याने एका बाजूची व्यापकता वाढवताना दुसऱ्या बाजूची कमी झाली.

१९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत व २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ मध्ये ही मुदत अनुक्रमे १९९५ व २००० अशी वाढवावी लागली. कोठारी आयोगाच्या ५० टक्क्यांच्या तुलनेत ही उद्दिष्टे माफक होती, तरीही ती गाठता आली नाहीत. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) अंदाजाचा हवाला देऊन २०२० च्या धोरणाने १९ ते २४ वयोगटातील मनुष्यबळापैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाल्याचे नमूद केले आहे.

८. व्यापकता की विषयांची संख्या? :

दहावीपर्यंतच्या समान अभ्यासक्रमाचीही चिकित्सा होणे गरजेचे आहे. प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये शालेय शिक्षणातील ओझ्याचा विचार करताना दप्तराच्या वजनापेक्षा न समजणे हे मोठे ओझे असल्याचे दाखवून दिले. प्रत्येक विषयतज्ज्ञ आपल्या विषयातील अधिकाधिक माहिती पाठ्यपुस्तकात घालू पाहतो आणि त्यातून जे निर्माण होते ते व्यापक शिक्षण नसून अनेक लहान विशेषीकरणांची बेरीज असते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालण्यावर भर दिला तो याच पार्श्वभूमीवर.

महाराष्ट्रातील परीक्षाविषयक निर्णयांतूनही या ताणाचे दर्शन घडते. २००० च्या दशकाच्या अखेरीस बीजगणित-भूमितीला पर्याय म्हणून सामान्य गणित हा विषय देण्यात आला व पुढील दशकात तो बंद करण्यात आला. २०१० मध्ये सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण टक्केवारीसाठी धरण्याचे धोरण आले आणि न्यायालयीन वादानंतर सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य ठरवले. विद्यार्थ्यांवरील ताण कमी करण्याचा व इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांशी समान पातळीवर स्पर्धा करता यावी हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा शैक्षणिक अर्थ असा की, सर्व विषय शिकणे अनिवार्य राहिले, मात्र सर्व विषय येणे आवश्यक राहिले नाही.

९. २०२० चे धोरण व सद्यःस्थिती :

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान, अभ्यासक्रमीय व अभ्यासेतर, शैक्षणिक व व्यावसायिक यांतील कठोर भिंती दूर करण्याची भूमिका घेतली. नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकसंध टप्पा मानण्यात आला. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नववी-दहावीसाठी तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण व आंतरविद्याशाखीय क्षेत्र असे दहा विषय सुचवले. अकरावी-बारावीसाठी दोन भाषांखेरीज किमान चार विषय किमान दोन वेगवेगळ्या गटांतून निवडण्याची रचना त्यात आहे. या रचनेची कोठारी आयोगाच्या शिफारशीशी तुलना केल्यास असे दिसते की, १९६६ मध्ये जी मोकळीक दिली गेली होती व १९७५ मध्ये महाराष्ट्रात जी हरवली, तीच जवळजवळ सहा दशकांनी नव्या शब्दांत परत आली आहे.

तथापि इतिहासाचा अनुभव सावध करणारा आहे. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया राज्यभर लागू झाली, परंतु ते प्रवेशही कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांनुसारच झाले. दुसरीकडे पदवी स्तरावर २०२३-२४ पासून स्वायत्त व २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत मुख्य विषय, दुय्यम विषय व इतर विद्याशाखेतील खुले वैकल्पिक विषय अशी रचना सुरू झाली. याचा अर्थ असा की, सोळाव्या वर्षी ज्या विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी एका शाखेत बंदिस्त केले जाते, त्यालाच अठराव्या वर्षी इतर शाखेतील विषय घेण्यास सांगितले जाते. दहावीनंतर इतिहासाशी संबंध तुटलेला विज्ञानाचा विद्यार्थी किंवा दहावीनंतर गणित न पाहिलेला कला शाखेचा विद्यार्थी खुल्या वैकल्पिक विषयाच्या वर्गात येतो, तेव्हा शालेय स्तरावर न साधलेल्या समतोलाची भरपाई करण्याची जबाबदारी महाविद्यालयीन शिक्षकांवर येऊन पडते.

निष्कर्ष :

१. १८८२ पासूनच्या प्रत्येक प्रमुख आयोगाने व्यापकता व विशेषीकरण यांत समतोल साधण्याचा प्रयत्न केला. कल्पनांचा अभाव ही या क्षेत्रातील मुख्य अडचण नव्हती.
२. समान गाभ्याबरोबर पर्यायी प्रवाह देण्याचे प्रयत्न फसले, कारण पर्यायी प्रवाहातून उच्च शिक्षणाकडे व प्रतिष्ठित रोजगाराकडे जाणारा मार्ग अरुंद वा बंद होता.
३. दहावीपर्यंत गणित व विज्ञानासह समान शिक्षण देण्याचा निर्णय सामाजिक समतेच्या दृष्टीने, विशेषतः मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने, लाभदायक ठरला.
४. महाराष्ट्रात कोठारी आयोगाचा आकृतिबंध स्वीकारला गेला, परंतु कनिष्ठ महाविद्यालयांच्या रचनेमुळे उच्च माध्यमिक स्तरावरील विषयनिवडीची मोकळीक प्रत्यक्षात आली नाही.
५. विषयांची संख्या वाढवणे म्हणजे व्यापकता नव्हे. समजून शिकण्यास वेळ न मिळाल्यास व्यापकता हेच ओझे होते.
६. परीक्षा, प्रवेशाच्या अटी व संस्थात्मक रचना हे घटक समतोलावर निर्णायक परिणाम करतात, हे गृहीतक वरील विवेचनावरून मान्य होण्यास आधार मिळतो.

समारोप :

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शेतकऱ्याच्या मुलासाठी शेती व इतिहास या दोहोंची मागणी केली होती. हंटर आयोगाने त्या दोहोंची दोन वाटांत विभागणी केली आणि त्यानंतरच्या काळात या वाटा पुन्हा जोडण्याचे प्रयत्न होत राहिले. नव्या धोरणाच्या अंमलबजावणीत पुढील बाबींचा विचार होणे आवश्यक आहे. अकरावीचा प्रवेश शाखेऐवजी विषयांनुसार देता येईल का, हे प्रथम काही कनिष्ठ महाविद्यालयांत पाहता येईल. एका तालुक्यातील लहान संस्थांनी प्रयोगशाळा व विषयशिक्षक यांचा समाईक उपयोग केल्यास ग्रामीण विद्यार्थ्याच्या निवडीला वाव मिळेल. शिक्षकांचा कार्यभार मोजण्याचे निकष तुकडीबरोबर विषयसमूहालाही मान्यता देणारे असावेत, अन्यथा खुल्या निवडीचे ओझे शिक्षकपदे गमावण्याच्या भीतीत रूपांतरित होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा ज्या विषयांना गुण देतात, तेवढेच विषय शिकले जातात, हे वास्तव लक्षात घेऊन प्रवेशाच्या निकषांचा पुनर्विचार व्हावा. हे न झाल्यास २०२० चे धोरणही मुदलियार व कोठारी आयोगांच्या अहवालांप्रमाणे वाचनीय दस्तऐवज म्हणून ग्रंथालयात राहील आणि विद्यार्थ्याचा मार्ग पूर्वीप्रमाणेच दहावीच्या गुणपत्रिकेवरून ठरत राहील.